घाटाच्या पाण्याचा हिशेब : क्लॉड इंग्लिस यांच्या कारकिर्दीची प्रस्तावना

जलविज्ञानाच्या अभ्यासक्रमात पुराचा अंदाज बांधण्याची जी जुनी सूत्रे शिकवली जातात, त्यांत डिकन्स, राइव्ह्ज आणि इंग्लिस ही तीन नावे हमखास येतात. विद्यार्थी ती पाठ करतात, स्पर्धा परीक्षेत त्यांवर एखादा प्रश्न सुटतो, आणि बहुतेकांचा त्यांच्याशी संबंध तिथेच संपतो. यांतले तिसरे सूत्र सह्याद्रीतून निघणाऱ्या नद्यांच्या पुरांवरून बसवलेले आहे आणि ते मांडणाऱ्या माणसाने जवळजवळ चाळीस वर्षे या देशातले पाणी मोजण्यात घालवली, ही गोष्ट मात्र सहसा एका वाक्यात उरकली जाते. सर क्लॉड कॅव्हेंडिश इंग्लिस यांचा जन्म 1883 साली डब्लिनचा. 1906 मध्ये ते सरकारी अभियंता म्हणून हिंदुस्थानात आले, मुंबई इलाख्यात पाटबंधाऱ्यांच्या कामावर राहिले आणि पुण्याजवळ खडकवासल्याला आज जे केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र उभे आहे, त्याची घडण त्यांच्या हातून झाली. त्यांची कारकीर्द आज वाचायची ती एका मोठ्या साहेबाचा गौरव म्हणून नव्हे. पाऊस, डोंगर आणि पूर यांच्याबद्दल अभियंत्याने सांगितलेला आकडा कुठल्या तरी ठरावीक भूमीला बांधलेला असावा, म्हणजे त्या भूमीवरचा पुढचा पाऊस त्या आकड्याची परीक्षा घेऊ शकतो, हा माझा मुद्दा आहे. इंग्लिस यांच्या कामाइतका त्याचा स्वच्छ पुरावा मला दुसरीकडे दिसत नाही.

आधी भूमीची ओळख करून घ्यावी लागेल, कारण सारा प्रश्न तिच्यातून उभा राहतो. अरबी समुद्रावरून येणारे नैर्ऋत्य मोसमी वारे कोकणाची अरुंद पट्टी ओलांडतात आणि हजार-बाराशे मीटर उंचीच्या कड्याला धडकतात. हवा वर चढते, गार होते आणि आपल्याजवळचा ओलावा कड्यावर आणि माथ्यावर ओतून टाकते. महाबळेश्वरला वर्षाला सुमारे 6,000 मिलिमीटर पाऊस पडतो. पाचगणीपर्यंत उतरलो की तो एक तृतीयांशाच्या आसपास येतो आणि वाईला पोचेपर्यंत 700 मिलिमीटरच्या घरात. रस्त्याने हे अंतर तीसेक किलोमीटरचे आहे. जगात पर्जन्यछाया अनेक ठिकाणी आहे, पण इतक्या थोड्या अंतरात इतका उतार आणि तोही नेमका मोठ्या नद्यांच्या उगमापाशी, हे दख्खनचे खास लक्षण आहे. कृष्णा, कोयना, नीरा, मुठा, भीमा या सगळ्या नद्या घाटमाथ्याच्या चिंचोळ्या पट्ट्यात पोट भरून घेतात आणि पुढे शेकडो किलोमीटर कोरड्या मुलखातून वाहतात. सोलापूरला ढग नसताना भीमेला पूर येतो तो याच कारणाने. जिल्ह्याचा सरासरी पाऊस घेऊन अशा नदीचा हिशेब मांडला, तर तो घाटासाठीही चुकतो आणि पठारासाठीही.

हे उमगायला अभियंत्यांना वेळ लागला. पाऊस आणि नदीत येणारे पाणी यांचे नाते आपल्या प्रदेशात मोजून पाहण्याचा सुरुवातीचा एक प्रयत्न नागपूरला झाला. अलेक्झांडर बिनी यांनी 1869 ते 1872 या काळात नागपूरजवळच्या एका लहान पाणलोटाची मोजणी केली आणि वर्षाच्या पावसाचा किती भाग वाहून येतो त्याचे कोष्टक तयार केले. 500 मिलिमीटर पावसाला 15 टक्के, 1,000 मिलिमीटरला 38 टक्के, असे ते होते. 1892 मध्ये स्ट्रेंज यांनी आजच्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातील नोंदींवरून आपली कोष्टके बनवली आणि त्यांत पाणलोटाचा चांगला, मध्यम, वाईट असा दर्जा धरला. पुराच्या बाबतीत डिकन्स यांचे 1865 चे आणि राइव्ह्ज यांचे 1884 चे अशी सूत्रे वापरात होती. या सर्वांबद्दल मला आदर आहे. पण त्यांत एक जागा मोकळी सुटलेली होती आणि तिच्याकडे नीट पाहिले पाहिजे. डिकन्स यांच्या सूत्रात पाणलोटाच्या क्षेत्रफळाचा पाऊण घात घ्यायचा आणि त्याला एका गुणांकाने गुणायचे. उत्तरेच्या मैदानात हा गुणांक 6 धरतात, मध्य भारतात 14 ते 28. आता 100 चौरस किलोमीटरचा पाणलोट घ्या. मध्य भारतातला गुणांक लावला तर पूर 440 घनमीटर प्रति सेकंद येईल किंवा 885 येईल. दुपटीचा हा फरक गणितातून येत नाही, तो अभियंत्याच्या मनातून येतो. ज्याला सांडवा लहान आणि स्वस्त हवा असेल तो खालचा आकडा निवडील, आणि त्याला चूक म्हणायला कागदावर आधार नसेल.

इंग्लिस यांची वाट इथे वेगळी झाली, आणि तिचे मूळ पुरात नव्हे, कालव्यात होते. 1916 साली मुंबई इलाख्याच्या सरकारने पाटबंधाऱ्यांच्या प्रश्नांसाठी एक खास विभाग काढला आणि इंग्लिस त्याच्या कामाशी जोडले गेले. नीरा खोऱ्यासारख्या भागांत बारमाही उसाला पाणी दिल्यावर काळ्या जमिनी पाणथळ आणि चोपण होऊ लागल्या होत्या. जमिनीत किती पाणी मुरते, कालव्यातून किती झिरपते, उसाच्या मुळाशी खरोखर किती पोचते, हे मोजल्याशिवाय त्या रोगाचे निदान होणार नव्हते. मोजायचे तर कालव्यात मोजमापाची खात्रीची सोय हवी, म्हणून उभ्या लाटेचा मापक तयार करण्यात त्यांनी लक्ष घातले आणि 1928 मध्ये त्यावर स्वतंत्र टिपण प्रसिद्ध केले. कालवा एका ठिकाणी हिशेबाने अरुंद केला की पाण्याचा वेग वाढतो, पुढे उभी लाट तयार होते आणि वरच्या बाजूच्या एका उंचीवरूनच विसर्ग कळतो. त्याच वर्षी हवामान खात्याचे मुख्य कार्यालय सिमल्याहून पुण्याला आले. पुणेकर त्या जागेला अजून सिमला ऑफिसच म्हणतात. वरून पडणारा पाऊस मोजणारे आणि खाली वाहणारे पाणी मोजणारे असे एका शहरात आले, याचे महत्त्व आपल्याकडच्या विज्ञानाच्या इतिहासात पुरेसे नोंदलेले नाही.

1929 मध्ये इंग्लिस आणि डिसोझा यांनी पश्चिम भारतातील 53 ठिकाणच्या प्रवाहमोजणीवरून दोन सूत्रे मांडली, एक घाटासाठी आणि एक पठारासाठी. एकाच इलाख्यासाठी दोन सूत्रे, हीच त्यातली महत्त्वाची गोष्ट. घाटात वर्षाच्या पावसाचे सेंटिमीटर 0.85 ने गुणायचे आणि त्यातून 30.5 वजा करायचे. उरेल ते नदीत आलेले पाणी. 600 सेंटिमीटर पावसाला 480 सेंटिमीटर पाणी येते, म्हणजे चार-पंचमांश. बेसाल्टचा खडक, वरचा मातीचा पातळ थर, तीव्र उतार आणि सतत भिजलेली जमीन यांमुळे पाण्याला मुरायला जागाच मिळत नाही. पठारासाठी पावसातून 17.8 वजा करायचे, त्या वजाबाकीला पुन्हा पावसाने गुणायचे आणि 254 ने भागायचे. 70 सेंटिमीटर पावसाला इथे जेमतेम साडेचौदा सेंटिमीटर पाणी मिळते. पाऊस 50 वर आला तर पाणी सव्वासहाच्या आसपास येते. पाऊस जवळजवळ तीन-दशांशाने घटला आणि तळ्यातला येवा निम्म्याहून खाली गेला. दुष्काळी तालुक्यात पाऊस बरा झाला असे सांगितले जात असतानाही तलाव का भरत नाहीत, याचे उत्तर या साध्या गुणाकारात आहे. लघुपाटबंधाऱ्यांची योजना करणाऱ्या प्रत्येकाने हे सूत्र भिंतीवर लावावे, असे मला मनापासून वाटते.

पुढच्याच वर्षी पुराचे सूत्र आले. पाणलोटाचे चौरस किलोमीटर 124 ने गुणायचे आणि त्या क्षेत्रफळात 10.4 मिळवून येणाऱ्या बेरजेच्या वर्गमुळाने भागायचे, म्हणजे कमाल पूर घनमीटर प्रति सेकंदात मिळतो. यात निवडायला गुणांक नाही. ते घाटातून पाणी घेणाऱ्या नद्यांसाठी आहे आणि त्या मुलखाबाहेर त्याचा अधिकार नाही. आता तेच 100 चौरस किलोमीटर घेऊन पाहिले तर उत्तर 1,180 येते, म्हणजे डिकन्स यांच्या मध्य भारतासाठीच्या वरच्या आकड्यापेक्षाही बरेच मोठे. उलट 10,000 चौरस किलोमीटरला इंग्लिस सुमारे 12,400 देतात, आणि डिकन्स खालच्या गुणांकानेही 14,000 देतात. लहान पाणलोटात इंग्लिस वर, मोठ्या पाणलोटात खाली. माझ्या वाचनात ही रेघ सह्याद्रीचा नकाशाच सांगते. लहान पाणलोट संपूर्ण घाटमाथ्यावर बसतो, एकाच ढगाखाली येतो आणि काही तासांत रिकामा होतो. पाणलोट पूर्वेकडे वाढत जातो तसा त्याला नवा मुलूख मिळतो तो पर्जन्यछायेतला, त्यामुळे क्षेत्रफळ दसपट झाले तरी पूर सुमारे तिपटीवर थांबतो. मोठ्या पाणलोटात पुराचा जोर तसाही कमी होतो, कारण पाऊस सगळीकडे एकदम पडत नाही आणि पाणी एकदम पोचत नाही. तेव्हा सगळे श्रेय पर्जन्यछायेला देता येणार नाही. तरी डिकन्स यांचा पाऊण घात, राइव्ह्ज यांचा दोन-तृतीयांश घात आणि इंग्लिस यांचा जवळजवळ अर्धा घात एकापुढे एक ठेवले की वेगवेगळ्या मुलखांत मोजणी केल्याचा परिणाम उघड दिसतो.

यावर पहिला आक्षेप अभियंतेच घेतील, आणि तो रास्त आहे. क्षेत्रफळ या एकाच राशीवरून पूर काढणे ही ढोबळ रीत झाली. पाणलोटाचा आकार लांबट की पंख्यासारखा, जंगल किती, आधीचे आठ दिवस पाऊस होता का, यातले काहीच सूत्र विचारत नाही. आज एकक-जलालेख आहे, उपग्रह आहेत, संगणकाची प्रतिमाने आहेत. भारतीय मानक संस्थेने 1985 मध्ये सांडव्यांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली, त्यांत मोठ्या धरणाला संभाव्य महत्तम पूर धरायला सांगितले आहे. तेव्हा इंग्लिस यांना संग्रहालयात ठेवावे. सांडव्याच्या अंतिम आराखड्यापुरते हे म्हणणे मला मान्य आहे. पण नव्या रीतीही कोणत्या तरी नदीवरच्या मोजणीनेच जुळवून घ्याव्या लागतात, आणि मोजणी नसली की संगणकातसुद्धा डिकन्स यांच्या गुणांकासारखी मोकळी जागा उरते, फक्त ती दिसेनाशी होते. गुजरातेत मोरबीजवळचे मच्छू-2 धरण 11 ऑगस्ट 1979 रोजी फुटले. सांडव्याची रचना सुमारे 2 लाख क्युसेकसाठी होती आणि आलेले पाणी त्याच्या तिपटीच्या आसपास होते. अभियांत्रिकी अडाणी होती म्हणून हे घडले नाही. त्या खोऱ्यातला मोठा पाऊस काय करू शकतो याचा आधीचा अंदाज कमी पडला होता. पानशेतचा दाखला मात्र इथे देणे बरोबर होणार नाही. 12 जुलै 1961 ला ते धरण फुटले तेव्हा बांधकाम पूर्ण झालेले नव्हते आणि दोष मुख्यतः अपुऱ्या कामानिशी पाणी अडवण्याचा होता. त्या लोंढ्याने खालचे खडकवासला धरण फोडले, तेव्हा पुराच्या कोणत्याही सूत्राने हिशेबात न धरलेले पाणी तिथे आले होते.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. हवामान बदलते आहे, अतिवृष्टीचे स्वरूप पालटते आहे, मग नव्वद वर्षांपूर्वीच्या पुरांवर बसवलेली रेघ आज काय सांगणार? हा प्रश्न सूत्राच्या आतूनच तपासता येतो. पाणलोट अगदी लहान धरला तर इंग्लिस यांच्या सूत्रातून दर चौरस किलोमीटरला सुमारे 38.4 घनमीटर प्रति सेकंद एवढा विसर्ग निघतो. ताशी पावसात सांगायचे तर ते 138 मिलिमीटर होतात. तासाला साडेपाच इंच पाऊस पडतो आणि एक थेंबही न मुरता वाहून जातो, अशी सीमा त्या समीकरणात धरलेली आहे. 26 जुलै 2005 रोजी मुंबईत सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि एका तासाची सर्वांत मोठी नोंद 190 मिलिमीटरची होती. सीमा ओलांडली गेली. एका पर्जन्यमापकावरचा पाऊस म्हणजे साऱ्या पाणलोटाचा पूर नव्हे, हे खरे. पण दोन-चार चौरस किलोमीटरच्या नाल्यासाठी हा फरक हलका मानता येत नाही, आणि कोकणातल्या वा घाटातल्या लहान मोऱ्या-पुलांसाठी हे सूत्र अजून कोणी डोळे मिटून वापरत असेल तर त्याने थांबावे. गुणांक निवडून काढलेल्या आकड्यावर असा आक्षेप घेता येत नाही, कारण प्रत्येक नव्या पावसाला नवा गुणांक देता येतो. इंग्लिस यांचा आकडा ठाम असल्यामुळे तो चुकीचा ठरू शकतो, आणि तो चुकीचा ठरतो तेव्हा बदल झाल्याचे आपल्याला कळते. त्याच दिवशी कुलाब्याला 73 मिलिमीटर पाऊस होता. त्या दिवशीच्या नोंदी कुलाब्याच्याच असत्या, तर मुंबई बुडाली याचे कारणही पावसात सापडले नसते. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील, या पुराविषयीच्या सत्यशोधन समितीचे काम या विषयात ज्यांना रस आहे त्यांनी आवर्जून पाहावे.

सूत्राची एक उणीव आक्षेपकांनी फारशी मांडलेली नाही, ती मला जास्त सलते. ते पुराचे शिखर सांगते, पूर किती दिवस टिकेल ते सांगत नाही. सन 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीला आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली. माणसांची हानी शिखराने जितकी झाली तितकीच पाणी दिवसेंदिवस उतरले नाही म्हणून झाली. घाटमाथ्यावर लागून राहिलेला पाऊस, आधीच भरत आलेली धरणे, कोयना-वारणेचा विसर्ग आणि सांगलीजवळचा नदीचा मंद उतार या सगळ्यांचा तो मिळून झालेला परिणाम होता. 1930 साली कोयना धरण नव्हते, आणि सोडलेल्या पाण्याचा पूर हा प्रकार आजच्या रूपात नव्हता. तिथे इंग्लिस यांच्याकडे उत्तर मागणे अन्यायाचे होईल. त्यांच्या रीतीकडे मात्र उत्तर आहे: घाट आणि पठार वेगळे मोजा, आणि शिखराबरोबर पाण्याचे घनफळ, म्हणजे एकूण किती घनमीटर पाणी किती दिवसांत गेले, तेही लिहून ठेवा.

तिसरा आक्षेप राजकीय आहे. हे संशोधन साम्राज्याच्या गरजेतून झाले. कालव्यांची पाणीपट्टी वसूल व्हावी, रेल्वेचे पूल टिकावेत, सिंधमधला सक्करचा बराज गाळाने भरू नये, यासाठी पैसा मिळत होता. खडकवासल्याच्या प्रतिकृतींवर सक्करच्या गाळाचा आणि गंगेवरील हार्डिंज पुलाच्या संरक्षणाचा अभ्यास झाला तो याच गरजांपोटी. हे नाकारण्यात अर्थ नाही. उलट त्यात आणखी एक गोष्ट जोडायला हवी. 53 ठिकाणी भर पावसाळ्यात, रात्रीबेरात्री मोजपट्टीवरचे पाणी वाचून वहीत उतरवणारी माणसे इथलीच होती आणि त्यांची नावे सूत्राला लागली नाहीत. पण मोजणी एकदा प्रसिद्ध झाली की ती मोजणाऱ्याच्या हेतूपुरती राहत नाही. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या याच मुंबई इलाख्याच्या नोकरीत घडले, खडकवासल्याला त्यांनी स्वयंचलित दरवाजे बसवले, आणि 1908 च्या सप्टेंबरात मुसी नदीने हैदराबाद उद्ध्वस्त केल्यावर तेच ज्ञान त्यांनी त्या शहराच्या संरक्षणासाठी वापरले. इंग्लिस 1945 नंतर इंग्लंडला गेले, 1947 पासून तिथल्या शासकीय जलसंशोधन संस्थेचे पहिले संचालक झाले, 1953 मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. नद्या आणि कालव्यांच्या वर्तनावरचा त्यांचा 1949 चा ग्रंथ भारतातल्या प्रयोगांवर उभा आहे. म्हणजे इंग्लंडमधल्या त्या संस्थेच्या पायात खडकवासल्याचा अनुभव आहे, आणि ज्ञान नेहमी पश्चिमेकडून पूर्वेकडेच आले असे मानणाऱ्यांनी हा उलटा प्रवास लक्षात घ्यावा.

आज या कारकिर्दीकडे वळण्याला एक व्यवहाराचे कारणही आहे. 2021 च्या धरण सुरक्षा कायद्याने मोठ्या धरणांचे वेळोवेळी सर्वंकष मूल्यमापन बंधनकारक केले आहे आणि त्यात पुराचा फेरहिशेब येतोच. त्याच वर्षी 22 जुलैला महाबळेश्वरला 24 तासांत 594 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि चिपळूण पाण्याखाली गेले. नदीकाठच्या शहरांत शंभर वर्षांच्या पुराची लाल रेषा आखताना, घर कुठे बांधता येईल हे ठरवताना, शेवटी हाच प्रश्न येतो की घाटमाथ्यावरच्या अमुक इतक्या क्षेत्रातून किती पाणी उतरेल. इंग्लिस-डिसोझा यांच्या सूत्रांची आजच्या नोंदींशी गाठ घालून देणे हे मला सर्वांत तातडीचे काम वाटते, आणि ते दिसते तितके सोपे नाही. त्या वेळच्या बऱ्याच नद्या आता मोकळ्या राहिलेल्या नाहीत. वर धरणे आली, मुळशीचे आणि कोयनेचे पाणी वीजनिर्मितीसाठी कड्याखाली कोकणात उतरवले गेले. खालच्या मोजपट्टीवर दिसते ती नदी आता निसर्गाची नाही. नैसर्गिक येवा काढायचा तर त्या आकड्यात धरणात अडवलेले, बाष्प होऊन गेलेले आणि पश्चिमेला वळवलेले पाणी तारखेनिशी परत मिळवावे लागेल. त्यासाठी पाटबंधारे आणि वीज या दोन्ही खात्यांच्या नोंदवह्या एकमेकींशेजारी ठेवून वाचाव्या लागतील. पुढील पानांतली कोष्टके या क्रमाने लावली आहेत: आधी घाटमाथ्याचा पाऊस, मग धरणांचा येवा, मग वळवलेले पाणी, आणि सर्वांत शेवटी इंग्लिस यांचे सूत्र.